बुडबुडा डावीकडे सरकतो

रात्री साडेनऊच्या पुढे बुडबुडा डावीकडे सरकायला लागायचा. सकाळी नाही, दुपारी नाही, रविवारी जेवून ताणून दिल्यावर संध्याकाळी उठून बसलो तरी नाही. फक्त रात्री, जेवणं आवरली, आईची मालिका संपली आणि मी पीसीसमोर तासभर ट्रक चालवला की मग. मी बघतोय स्पीडोमीटरकडे आणि सॉफ्टवेअर म्हणतंय की नाही, तू काचेतून मधला रस्ता बघतोयस. चार बोटांचा फरक. खरंच मोजला मी, बोटं स्क्रीनला लावून मोजला आणि ठसे उठले म्हणून भाच्याची बोलणी खाल्ली.

बुडबुडा म्हणजे काय ते सांगतो आधी. वेबकॅमवरून डोळे ट्रॅक करणारी सॉफ्टवेअरं असतात, तुमची नजर स्क्रीनवर जिथे पडली असेल असं त्यांना वाटतं तिथे ती एक धूसर गोल काढतात, तो तुमच्या नजरेबरोबर पळतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आपण बघू तिकडे ते येतं. मग दोन मिनिटांनी त्याचा राग यायला लागतो, कारण आपण बघू तिकडे ते येतं.

हे सगळं लचांड कशासाठी, तर युरो ट्रक सिम्युलेटर २ साठी. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा २०१२ चा गेम आहे, म्हणजे जवळपास माझ्या भाच्याच्याच वयाचा, पण अजून लोक खेळतात आणि मी तर रोज खेळतो. बंदूक नाही, राक्षस नाही, रॉटरडॅमहून माल उचलायचा आणि ड्युइसबर्गला टाकायचा, पाऊस पडला तर वायपर लावायचे. ऑफिसात दिवसभर लोकांचं ऐकून आल्यावर यासारखं सुख नाही. एक जुनं स्टिअरिंग व्हील सेकंडहँड मिळालं होतं, ते टेबलाला स्क्रूने आवळलंय. आणि आपल्या सवयीप्रमाणे मी उजवीकडे स्टिअरिंग असलेला ट्रक घेतलाय, गेममध्ये तसा पर्याय असतो, ब्रिटनसाठी. पण मी फिरतो सगळा जर्मनीत, जिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणजे ओव्हरटेक करायला डावीकडे जायचं आणि मी बसलोय उजवीकडे, डावा आरसा केबिनच्या पार दुसऱ्या टोकाला. दर वेळी मान वळवून बघितल्याशिवाय भागत नाही. गेममध्ये मान वळवायची म्हणजे माऊस, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर असताना माऊस कुठल्या हाताने धरू? एफ २ दाबलं की कोपऱ्यात आरसे उघडतात ते माहितीये मला, पण ते मला कॉपी करून पास झाल्यासारखं वाटतं.

तर डोक्याने किंवा डोळ्यांनी कॅमेरा फिरवायचा. यातली शहाणी मंडळी वेगळं यंत्र घेतात. ट्रॅकआयआर नावाचं एक आहे, २००१ पासून आहे, टोपीला चिमटा लावतात आणि समोरचं यंत्र त्या चिमट्यावरचे ठिपके बघतं. दुसरं स्वीडनच्या टोबी कंपनीचं, ते खरे डोळे बघतं. त्यात इन्फ्रारेड दिवे असतात, त्यांचा बारीक चमकता ठिपका आपल्या बुबुळाच्या वरच्या काचेसारख्या पडद्यावर पडतो आणि बाहुली त्या ठिपक्याच्या मानाने किती सरकली यावरून नजर काढतात. डोकं थोडं हललं तरी चालतं, खोलीत अंधार असला तरी चालतं, सेकंदाला १३३ वेळा बघतं. पण ते बाहेरून मागवायचं, वर कस्टम, आणि घरात सांगायचं काय? चुलत्यांच्या पोराने काय, तर फोनवर सांगितलं की दादा, आता साध्या वेबकॅमवर होतं सगळं, एआय आहे ना. झालं. बाराशे रुपयांचा वेबकॅम घरात होताच, लॉकडाऊनमध्ये घेतलेला.

आता इथे जरा हिशोब करू. मला त्या वेळी करायला हवा होता, पण मी केला तिसऱ्या आठवड्यात, वैतागून. आईची शिवणाची टेप घेतली, चेहऱ्यासमोर आडवी धरली आणि कॅमेऱ्यात किती दिसतेय ते बघितलं. मी स्क्रीनपासून ६० सेंटीमीटरवर बसतो, तिथे कॅमेऱ्याला साधारण ८४ सेंटीमीटर रुंदी दिसते. चित्र १२८० पिक्सेल रुंद, म्हणजे एका सेंटीमीटरला १५ पिक्सेल. माझा मॉनिटर २४ इंची, ५३ सेंटीमीटर रुंद. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नजर नेली तर बुबुळ किती सरकतं? डोळ्याचा गोळा केवढा, साधारण अडीच सेंटीमीटरच्या आतला, तर बुबुळ सरकतं सगळं मिळून एक सेंटीमीटर. म्हणजे १५ पिक्सेल! अख्खा मॉनिटर, दोन्ही आरसे, स्पीडोमीटर, जर्मनी, सगळं त्या १५ ठिपक्यांत मावतं. एक पिक्सेल चुकला की स्क्रीनवर साडेतीन सेंटीमीटर. सॉफ्टवेअर हुशार असतं, पिक्सेलच्या मधल्या छटांवरून अजून बारीक अंदाज काढतं, मान्य. तरी माझी ती चार बोटं म्हणजे दोन पिक्सेल होते. दोन पिक्सेलसाठी मी तीन आठवडे घरादाराला धारेवर धरलं होतं.

पहिला आठवडा कॅमेराच चालू होईना. काळं चित्र. विंडोजच्या प्रायव्हसीत जाऊन डेस्कटॉप ॲपना कॅमेऱ्याची परवानगी दिली, तरी काळं. शेवटी कळलं की ऑफिसच्या मीटिंगचं ॲप खाली घड्याळाशेजारी लपून बसलंय आणि त्याने कॅमेरा धरून ठेवलाय, आणि साधारणपणे एका वेळी एकानेच कॅमेरा धरायचा असा नियम. ते बंद केलं तर चित्र आलं, आणि चित्रावर काळे पट्टे, वरून खाली सावकाश वाहणारे, जुन्या टीव्हीवर यायचे तसे. हे मात्र मला आवडलेलं प्रकरण आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते, आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. आणि माझा कॅमेरा कारखान्यातूनच ६० हर्ट्झवर लावून आला होता, अमेरिकेच्या विजेसाठी. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी म्हणून एक खिडकी असते, तिथे ५० केलं आणि पट्टे गेले, एका क्लिकवर. लॉकडाऊनपासून हा कॅमेरा सांगलीत राहून अमेरिकेची वीज धरून बसला होता आणि मीटिंगमध्ये सगळे मला म्हणायचे, तुमचं नेट स्लो आहे वाटतं.

मग उजेड. रात्री उजेड कमी पडला की असले कॅमेरे गुपचूप प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतात, म्हणजे सेकंदाला ३० ऐवजी १५ च चित्रं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, एकेक उडी डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते, आणि त्यात हा १५ चित्रं काढणार म्हणजे लग्नातला फोटोग्राफर. ऑटो एक्स्पोजर बंद केलं आणि भाच्याचा अभ्यासाचा दिवा मॉनिटरमागे भिंतीकडे तोंड करून ठेवला, भिंतीवरून पसरट उजेड चेहऱ्यावर येतो. तोंडावर सरळ दिवा मारला होता आधी, तर चष्म्यात तो दिवाच दिसायचा, बुबुळाच्या बरोब्बर वर. माझा नंबर जास्त, काचा जाड, त्यात पांढऱ्या मॉनिटरचं प्रतिबिंब पण एक चौकोन होऊन बसायचं. विंडोज काळ्या थीमवर नेलं, चष्म्याच्या दांड्या कानावर जरा उचलून धरल्या की काचा खाली झुकतात आणि चौकोन गालावर उतरतो. दिसायला मास्तरांसारखं दिसतं, पण चालतं.

आणि आजोबा. मागच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, फेटा, मिशा, चंदनाचा हार. मी पाणी प्यायला उठलो की सॉफ्टवेअरला दुसरा चेहरा मिळायचा आणि ट्रकचा कॅमेरा आजोबांच्या नजरेने चालायचा. आजोबा सरळ समोर बघतायत, पापणी लवत नाही, डोकं हलत नाही. खरं सांगतो, इतकं स्थिर ट्रॅकिंग मला माझ्या चेहऱ्यावर कधी मिळालं नाही. फोटो काही मी हलवला नाही, आईने हलवू दिला नसता. पाणी टेबलावरच आणून ठेवायला लागलो.

एवढं सगळं होऊन सकाळी एकदम झकास. नऊ ठिपक्यांचं कॅलिब्रेशन करायचं, ठिपका येईल तिकडे बघायचं, आणि बुडबुडा अगदी ओळीवर. वर-खाली जरा ढिसाळ, कारण कॅमेरा मॉनिटरच्या डोक्यावर आणि खाली बघितलं की पापणी बुबुळावर उतरते, पण आडवं मस्त. आणि रात्री साडेनऊनंतर पुन्हा डावीकडे.

मी काय काय नाही केलं. दिवा बदलला. खुर्चीची उंची मार्करने भिंतीवर आखली. कॅमेरा गरम होऊन लेन्स सरकते का म्हणून त्यावर पंखा सोडला. ड्रायव्हर काढले-घातले. वाटलं व्होल्टेजमुळे असेल, रात्री आमच्याकडे व्होल्टेज पडतं, तर इन्व्हर्टरवर चालवून बघितलं. पुन्हा कॅलिब्रेशन केलं की दहा मिनिटं बरं, मग परत सरक. भाच्याला बसवला, रात्री दहा वाजता, तो चौदा वर्षांचा आहे आणि आमच्याकडेच राहून शिकतो. अर्धा तास चालवला त्याने, बुडबुडा जागचा हलला नाही. म्हणाला, "मामा, मस्त चालतंय की." मला वाटलं चष्म्याचा दोष. चष्मा काढून बसलो तर मला स्पीडोमीटरच दिसेना.

मग एका रात्री, पट्टे परत आले की काय हे बघायला म्हणून, मी विंडोजच्या साध्या कॅमेरा ॲपवर स्वतःचा व्हिडिओ घेतला. खेळत राहिलो आणि वरून मोबाईलने नाही तर त्याच वेबकॅमने, ट्रॅकिंग बंद ठेवून, दहा मिनिटं. मग स्टिअरिंग बाजूला सरकवून तो बघत बसलो. पट्टे नव्हते. उजेड चांगला होता. मी दिसत होतो, तोंड जरा उघडं, खेळताना माझं तोंड उघडं राहतं हे पण तेव्हाच कळलं. चार मिनिटांच्या आसपास ट्रक सरळ रस्त्याला लागला असावा, मी हातपाय सैल सोडले, आणि माझा डावा डोळा हळूच बाहेर निघून गेला.

झटका बसल्यासारखा नाही. दाराची कडी न लावलेलं दार वाऱ्याने उघडतं तसा. उजवा डोळा रस्त्यावर, आणि डावा सावकाश कानाच्या बाजूला, तिथे थांबला, काही सेकंद तिथेच राहिला, मग मी पापणी लववली आणि तो परत जागेवर आला. पुन्हा थोड्या वेळाने गेला. मी मागे घेऊन पाच-सहा वेळा बघितलं तेवढंच.

आता असं नाही की मला माहीत नव्हतं. शाळेत मी चकणाच होतो. लुकिंग लंडन टॉकिंग टोकियो हे मी इंग्रजीतलं पहिलं वाक्य शिकलो असेन. लग्नाच्या अल्बममध्ये रिसेप्शनचे अर्धे फोटो फोटोग्राफरने गाळले होते, का गाळले ते कोणी बोललं नाही. पण मी स्वतः हे कधी बघितलं नव्हतं. आरशात दिसतच नाही! आरशात बघायला गेलं की आपण नीट लक्ष देऊन बघतो, आणि लक्ष दिलं की डोळा सरळ होतो, दाढी करताना, भांग पाडताना, लहानपणी तर मी मुद्दाम आरशासमोर उभा राहून पकडायला बघायचो, कुठेय तिरळा, सरळ तर आहे. सेल्फीत पण तेच. फोन समोर धरला की तो शाळेत इन्स्पेक्शन आल्यासारखा ताठ. बेचाळीस वर्षं जे समोरच्या प्रत्येकाला दिसत होतं, दुकानदाराला, मास्तरांना, बायकोला, ते मला दाखवलं बाराशे रुपयांच्या वेबकॅमने, आणि ते पण मी ट्यूबलाइट तपासत होतो म्हणून.

आणि मग दोन पिक्सेलचा हिशोब लागला. सॉफ्टवेअरला मनुष्याचे दोन डोळे एकाच ठिकाणी बघतात असं शिकवलेलं असतं, ते दोन्हींचा मेळ घालून एक उत्तर काढतं. माझ्यात डोळा कायमचा वाकडा असता तर कॅलिब्रेशनने तो फरक पोटात घातला असता. पण हा सकाळी सरळ आणि दमलो की बाहेर. सकाळच्या नऊ ठिपक्यांवर घेतलेलं माप रात्री लागू कसं होणार? उजवा डोळा म्हणतोय स्पीडोमीटर, डावा म्हणतोय लांब डावीकडे काहीतरी, सरासरी काढली की आली चार बोटं. बिचारं बरोबर सांगत होतं. मी त्या सॉफ्टवेअरच्या ट्रायलचे सगळे मेनू उलटेपालटे केले, एकच डोळा धर असं सांगायची सोय मला मिळाली नाही. डावा डोळा झाकून बघितला, रुमाल बांधून, तर त्याला चेहराच ओळखू येईना.

रुमाल बांधला आणि चिकटपट्टीचा वास आठवला. दुसरीत होतो. मिरजेच्या एका दवाखान्यात नेलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली. चांगला डोळा झाकला की आळशी डोळ्याला झक मारत काम करावं लागतं, असा तो उपाय, आजही तोच आहे, आणि तो जितक्या लहानपणी करावा तितका चांगला, वय वाढलं की मेंदू कमी ऐकतो. कापूस, गॉज आणि वर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. आई सकाळी लावायची आणि मी शाळेच्या मागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानापाशी, ती सोलून काढायचो. भुवईचे केस यायचे तिच्याबरोबर. ती पट्टी कंपासपेटीत करकटकाच्या खाली ठेवायची आणि सुटल्यावर परत लावायची, पण दिवसभर उघडी राहून तिचं चिकट गेलेलं असायचं, म्हणून मी क्राफ्टच्या तासाचा डिंक लावायचो. बोटाने, कडेकडेने. डिंक वाळला की भुवई ताणली जायची आणि घरी पोचेपर्यंत मी एका बाजूने आश्चर्यचकित झालेला दिसायचो. वर्षभर चाललं हे. वर्षाने डॉक्टर म्हणाले, फारसा फरक नाही, बघू. डाव्या डोळ्याने मला आजही तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळीच वाचता येतात.

त्या व्हिडिओनंतर मी दोन रात्री गेम लावलाच नाही, डोळ्यांबद्दल वाचत बसलो. त्यात एक माणूस सापडला, एमिल जाव्हाल, फ्रेंच, आधी खाणींचा इंजिनिअर आणि मग डोळ्यांचा डॉक्टर झालेला. वाचताना डोळा ओळीवरून सलग घसरत नाही, उड्या मारत जातो, ही गोष्ट १८७९ च्या आसपास त्याच्या प्रयोगशाळेतून पुढे आली, आणि आज नजर मोजणारा प्रत्येकजण कुठे ना कुठे त्याचं नाव घेतो. पण तो डोळ्यांकडे वळला कशामुळे, तर त्याच्या वडिलांचे डोळे तिरळे होते आणि बहिणीचे पण. त्याने बहिणीवर व्यायामाचे उपाय केले, तिरळेपणावर पुस्तक लिहिलं, आणि स्वतः शेवटी काचबिंदूने आंधळा झाला. म्हणजे हे जे नजर पकडायचं शास्त्र आहे ते पहिल्यापासून आमच्याच घरातलं निघालं, आणि मला बाहेरचा समजून वागवत होतं. असो. त्याच्या नंतरच्या एका अमेरिकन माणसाने, एडमंड ह्युई, वाचणाऱ्याच्या डोळ्यावर टोपीसारखं काहीतरी बसवून त्याला ॲल्युमिनियमचा काटा जोडला होता, डोळा हलला की काटा हलायचा. ते वाचून मी माझ्या चष्म्याच्या काचांबद्दलची तक्रार मागे घेतली.

तर डोळ्यांचा नाद सोडला आणि डोक्यावर आलो. ओपनट्रॅक म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते नजर बघत नाही, फक्त चेहरा किती वळला, झुकला, पुढे आला ते बघतं. इनपुटला न्यूरलनेट निवडायचं, फिल्टरला ॲक्सेला, आउटपुटला फ्रीट्रॅक २.०, म्हणजे गेमला वाटतं आपल्याला ट्रॅकआयआर जोडलाय. गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवत असाल तर हे पण तसंच चालवा, नाहीतर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, यात माझा एक अख्खा शनिवार गेला. आणि मॅपिंगची, म्हणजे आपली मान किती वळली की गेममधली किती वळवायची त्याची, वक्ररेषा मन लावून ओढा. मधे सपाट ठेवायची म्हणजे शिंकलो तरी ट्रक डोलत नाही, आणि कडेला चढी, म्हणजे आपण १५ अंश मान वळवली की ड्रायव्हर ६०-७० अंश वळतो आणि आपले डोळे स्क्रीनवरच राहतात. हे विचित्र वाटतं पहिले दोन दिवस, मान थोडी आणि जग फार, मग इतकं अंगवळणी पडतं की ऑफिसात कोणी हाक मारली तर मी जेमतेम मान हलवून बघायला लागलो आणि काहीच दिसेना.

ओपनट्रॅकच्या खिडकीत एक गुलाबी ऑक्टोपस असतो. का असतो कोण जाणे. तुम्ही मान वळवली की तो वळतो, मान वाकडी केली की तो वाकडा होतो. त्याच्याखाली आकडे. त्यात यॉ म्हणजे डावी-उजवी मान. मी सरळ बसलो, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, खुर्ची टेपने मोजून मध्यावर, आणि यॉ शून्य येईना. सहा. कधी सात. ऑक्टोपस जरा एकीकडे बघतोय. मी म्हटलं आता हे काय नवीन, कॅमेरा तिरका असेल. भाच्याला बसवलं, एक. मी बसलो, सहा.

"मामा, तू वाकडा बसतोस," भाचा म्हणाला.

"सरळ बसलोय."

"खांदे सरळ आहेत रे. तोंड वाकडंय. तू नेहमीच असा बघतोस, जेवताना पण."

जुने फोटो काढून बघितले नंतर. मुंजीतला, दहावीच्या हॉल तिकिटाचा, पहिल्या नोकरीच्या ओळखपत्राचा. सगळीकडे चेहरा थोडा डावीकडे वळवलेला, म्हणजे उजवा डोळा पुढे, मधोमध. त्याला पुढे केलंय मी, तो चांगला म्हणून. कोणी शिकवलं नव्हतं. आणि यामुळे एक मजा झाली, हे डोक्याचं ट्रॅकिंग मला भाच्यापेक्षा चांगलं जमायला लागलं. भाचा आरशाकडे नुसते डोळे फिरवून बघतो, मान ढिम्म, त्यामुळे त्याचा ट्रक सरळच बघत राहतो आणि मग हा चिडतो. मला मुळात बघायचं म्हणजे मानच वळवायची सवय. डावा आरसा, मान. स्पीडोमीटर, मान. जर्मनीतल्या ए ३ महामार्गावर रात्री पावसात ओव्हरटेक घेताना मी काहीही वेगळं करत नाही, जसं बेचाळीस वर्षं रिक्षातून उतरताना, रस्ता ओलांडताना बघितलं तसंच बघतो, आणि ड्रायव्हर बघतो. सेंटरचं बटण दाबलं की ओपनट्रॅक त्या सहालाच शून्य मानतं. एक बटण, काही विचारत नाही. भाच्याने ती सेटिंग वेगळ्या प्रोफाइलला सेव्ह करून दिली, नाव दिलं मामा-वाकडा. बदलायला सांगितलं होतं, अजून तेच आहे.

परवा आई आली बघायला, दूध घेऊन. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दोन्ही डोळ्यांचं, आता सगळं स्वच्छ दिसतं आणि सगळ्यात लक्ष असतं. म्हणाली, हे तुझं डोळ्याचं काय चाललंय महिनाभर. मी सांगितलं सगळं, व्हिडिओ पण दाखवला. तिने शांतपणे बघितला, तिला त्यात नवीन काही नव्हतं. मग मी ते पण सांगून टाकलं, दुसरीतली पट्टी, कंपासपेटी, डिंक. म्हटलं चौतीस वर्षं झाली, आता काय.

"माहितीय मला," आई म्हणाली. "रोज रात्री खोबरेल लावून सोडवत होते ना भुवईचा डिंक. तू झोपलेला असायचास."

"मग बोलली का नाहीस?"

तिने उत्तर दिलं नाही, ती खिडकीतल्या ऑक्टोपसकडे बघत होती. हे काय आहे म्हणाली. मी उठलो, तिला खुर्चीत बसवलं, म्हटलं मान हलव. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आजोबांच्या फोटोकडे मागे वळून बघितलं, ऑक्टोपस गर्रकन फिरला. मग समोर बघून तिने हळूच नाही नाही अशी मान हलवली. ऑक्टोपसने पण हलवली.